पोकळ पिन

दुपारी साडेबाराच्या सुमाराला सांगलीतल्या एका शाळेच्या सभागृहात सव्वीस यंत्रं एकापाठोपाठ एक मुकी झाली, आणि त्याला कारण सबीना शिकलगारचं यंत्र होतं.

तोवर सगळं झकास चाललं होतं. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून बनवलेली ती यंत्रं लांबलचक टेबलांवर ओळीनं मांडली होती. प्रत्येकाचं यंत्र निराळं, पण नियम सगळ्यांना सारखा. डावीकडच्या शेजाऱ्यानं दिलेले बोराएवढे चेंडू आपल्या खोक्यात घ्यायचे, आपल्या करामतीनं वर चढवायचे, फिरवायचे, उडवायचे, आणि उजवीकडच्याच्या खोक्यात टाकायचे. सेकंदाला एक चेंडू. पहिल्या टेबलावरचा चेंडू पाचेक मिनिटांनी शेवटच्या टेबलावर पोचायचा आणि उताराच्या पट्टीवरून पुन्हा पहिल्याकडे यायचा. तीनशे चेंडू असे गरगर फिरत होते आणि पोरंटोरं, म्हातारी माणसं, शाळेचे शिपाई, सगळे वाकवाकून बघत होते.

सबीनाच्या यंत्राला एक लांब हात होता. तो वाकायचा, पाच चेंडू ओंजळीत घ्यायचा, दोन फूट वर जायचा आणि पलीकडे ओतायचा. पलूसला वडिलांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना, तिनं तो हात सात महिने घडवला होता. तिचे ठोकळे पुण्याच्या जुन्या बाजारातून किलोवर आणलेले, रंगाचा मेळ नसलेले, आणि ते जोडायच्या शेंगदाण्याएवढ्या पिना सगळ्या काळ्या. पण हात चालायचा मात्र लोण्यासारखा.

आणि साडेबाराला तोच हात खांद्यातून निखळला. पाच चेंडूंसकट खाली आपटला, त्याच्या धक्क्यानं खोकं उलटं झालं, आणि मागून येणारे चेंडू टपाटप फरशीवर. बघता बघता सगळ्या सभागृहात चेंडू. पोरं हसत त्यांच्यामागं धावली. पुढची यंत्रं रिकामीच फिरत राहिली, मग एकेकानं आपापलं बटण बंद केलं.

सबीनाच्या उजवीकडचं यंत्र सुभेदार हंबीररावांचं होतं. साठी उलटलेला माणूस, फौजेत गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. आता कोयनानगरजवळ घर बांधून राहत होते. त्यांच्याकडे सगळा माल परदेशी, असली. शांतिसेनेबरोबर बाहेर गेले होते तेव्हा आणलेल्या जुन्या डब्यांतला. पिना सगळ्या करड्या, एकही काळी नाही. त्याचा त्यांना अभिमान होता. पण माणूस मनानं मोठा. त्या दिवशी सकाळीच सबीनाची मोटर जळाली, तेव्हा त्यांनी आपली जादा मोटर काढून तिच्या हातावर ठेवली होती. "घे. नंतर दे सावकाश."

तेच हंबीरराव आता तुटलेला हात उचलून खांद्याचं भोक बघत होते.

"हितं पिनच न्हाई," ते म्हणाले. मग आवाज चढला. "पोरी, पिन घालायची इसरलीस! सव्वीस जणांचं वाटोळं केलंस. येवढ्या लांबनं माणसं आली ती काय हे बघायला?"

आसपासची माणसं वळून बघू लागली. सबीनाचे कान तापले.

"काका, मी घातली होती."

"घातली हुती तर गेली कुठं? पिनंला पाय फुटले?"

ती गुडघ्यावर बसून टेबलाखाली शोधू लागली. चारदोन जणांनी मोबाईलचे उजेड पाडले. चेंडू मिळाले, दोन चाकं मिळाली, कुणाचातरी हरवलेला दातेरी ठोकळा मिळाला. काळी पिन मिळाली नाही. टेबलाखालीच हंबीररावांची सव्वा वर्षाची नात रेवा बिस्किट चोखत बसली होती. मधूनच खोकत होती. आजी हरणाबाई तिला ओढून कडेवर घेत म्हणाल्या, "गाडीत गार वारं लागलं हिला."

सबीनानं दुसरी पिन लावली. यंत्रं पुन्हा सुरू झाली. पण दिवसभर तिला कुणाच्या डोळ्यांत बघवलं नाही.

दहा दिवस हंबीररावांची मोटर दुकानाच्या फळीवर पडून होती. सबीना ती कुरियरनं पाठवणार होती, पण तिचे अब्बा, चांदसाहेब, ऐकेनात.

"बेटा, माणसानं हातात दिलेली वस्तू हातातच द्यायची. बोलले असतील चार शब्द. तू काय कुरियरवाल्याच्या तोंडून उत्तर देणार?"

शेवटी बुधवारी सकाळी ती कराडमार्गे एसटीनं निघाली. मोटर पिशवीत, आणि मनात बोलायची वाक्यं. मी कधी विसरत नाही. अब्बांच्या दुकानात शंभर वेळा तार मोजून भरते. तुम्ही चारचौघांत बोललात. पाटण गेलं, डोंगर जवळ आले, रस्ता वळणं घेऊ लागला तरी वाक्यं काही नीट जुळेनात.

घराशी पोचली तर वातावरण वेगळंच. हंबीरराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्यांनी मोटर घेतली आणि न बघताच खिडकीत ठेवली.

"बस. चहा घे. जरा गडबडीत हाय आमी. नातीला बरं न्हाई."

आत त्यांची सून सृष्टी रेवाला खांद्यावर घेऊन फिरत होती. तिचा नवरा विश्वजीत फौजेत, ईशान्येकडे कुठंतरी. सृष्टीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"दहाबारा दिस झाले, ताई," ती सबीनाला म्हणाली. "खोकला जातच न्हाई. डॉक्टरांनी वाफ दिली, औषध दिलं. छातीचा फोटो काढला, त्यात काय न्हाई. दमा असंल म्हनत्यात. येवढ्या पोरीला दमा?"

रेवा आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. सबीना तिच्या गालाला हात लावायला जवळ गेली आणि तिथंच थबकली.

पोरीच्या श्वासातून शिट्टी येत होती.

दम्याची घरघर सबीनानं ऐकलेली होती. तिच्या आईला, मेहरुनबीला, दमा होता. ती घरघर कशी मांजराच्या पोटातल्यासारखी, भरलेली. ही तशी नव्हती. ही बारीक, एकसुरी, सरळ होती. श्वास आत जाताना एक, बाहेर येताना एक. सबीनानं तो आवाज आयुष्यात हजार वेळा काढला होता. ठोकळ्यांच्या पिना आतून आरपार पोकळ असतात. एखादी धुळीनं भरली की ती ओठात धरून फुंकायची, आणि मग अशीच शिट्टी वाजते.

टेबलाखाली बसलेली रेवा तिच्या डोळ्यांसमोर आली. बिस्किट चोखणारी. आणि वरती, बरोबर वरती, आपलं यंत्र.

"काका," ती म्हणाली. "काका, माझी पिन."

"कसली पिन?"

"त्या दिवशी जी सापडली नाही ती. हिच्या छातीत आहे."

हंबीररावांना क्षणभर काही कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "काय बोलतीस? फोटो काढलाय छातीचा. सोताच्या डोळ्यानं बघितलाय मी."

"प्लास्टिक फोटोत दिसत नाही, काका! लोखंड असतं तर दिसलं असतं. ऐका, इकडं या, कान लावा. ही शिट्टी कशाची आहे ते तुम्हाला माहीत आहे."

ते आले. वाकले. नातीच्या पाठीला कान लावला. सबीना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथं जे काही झालं ते तिला पुढं कितीतरी दिवस झोपेत दिसत राहिलं. त्या माणसानंही हजारो पिना फुंकल्या होत्या. तोंड उघडं राहिलं, डोळे एका जागी थिजले, आणि आधीची सगळी ऐट ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखी खाली आली.

सृष्टी एकदा सासऱ्याकडे, एकदा सबीनाकडे बघत होती. "मामा? काय हाय? सांगा की काय हाय!"

"गाडी काढतो," हंबीरराव म्हणाले. "कराडला जायाचं. आत्ता."

जुनी मारुती व्हॅन. पुढं हंबीरराव, मागं सृष्टी रेवाला उभी धरून बसलेली, शेजारी सबीना. हरणाबाई दारात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या. सबीनानं वाटेतच कराडच्या एका मोठ्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, पोर श्वास घेतेय ना, मग तोंडात बोट घालू नका, काही खायला देऊ नका, सरळ धरा आणि या.

गाडीत सगळ्यांचे कान त्या शिट्टीकडे. वळणावर गाडी कलंडली की शिट्टी बदलायची, रस्ता सरळ झाला की पुन्हा पहिल्यासारखी. सबीनाच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. सात महिने बसून मी जे केलं, त्यातला एक तुकडा ह्या लेकराच्या छातीत अडकलाय.

पाटणच्या अलीकडे रेवाला खोकल्याची उबळ आली. एक, दोन, तीन. मग थांबली.

शिट्टीही थांबली.

"मामा!" सृष्टी किंचाळली. "मामा, ही श्वास घेत न्हाई!"

रेवाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. ओठ बघता बघता जांभळाच्या सालीसारखे होऊ लागले. हंबीररावांनी गाडी कडेच्या खडीवर घातली, दार उघडून मागं आले आणि सृष्टीच्या हातातून पोर ओढून घेतली. तिथंच, रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसले. रेवाला मांडीवर पालथी घातली, डोकं खाली, आणि तळहातानं पाठीवर थाप मारली. दोन खांद्यांच्या मधोमध. एक. काही नाही. दोन. काही नाही. उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत शेजारून गेला. तीन.

सबीनाला आठवतं, तिनं त्या वेळी सृष्टीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ते कुणाला आधार द्यायला धरलं ते तिला सांगता आलं नसतं.

चौथ्या थापेला रेवाचं अंग आक्रसलं. एक कोरडा, खरखरीत खोकला आला. आणि मग पुन्हा ती शिट्टी.

त्या आवाजानं तिघंही ढसाढसा रडली. हंबीरराव रडतच स्टेअरिंगला बसले.

कराडला दवाखान्याच्या दारातच माणसं उभी होती. रेवाला आत नेलं. गुंगी देऊन, घशातून दुर्बीण घालून बघायचं ठरलं. कागदावर सह्या झाल्या. तिकडं विश्वजीतला फोन लागत नव्हता. लागला तेव्हा हंबीररावांनी तो सबीनाच्या हातात दिला, तिनंच सांगितलं. पलीकडे वारा घोंघावत होता. मग तो म्हणाला, "ताई, तुमी तिथनं हलू नका. मी सांगतो म्हनून, हलू नका."

बाकड्यावर बसल्या बसल्या सबीना शेवटी बोलली. "काका, मला माफ करा. पिन नीट बसली नसेल. माझ्यामुळं..."

"गप बस," ते म्हणाले. पण त्यात राग नव्हता. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तू आली नसतीस तर?"

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आल्या. तरुणच होत्या, कपाळावर टोपीचा वळ उमटलेला. हातात झाकणाची छोटी पारदर्शक डबी.

"निघालं. पोरगी बरी आहे. उजव्या बाजूच्या नळीत बसलं होतं. आतून पोकळ होतं म्हणून वाचली, त्यातूनच हवा जात होती. भरीव असतं तर ते फुप्फुस कधीच बंद पडलं असतं." त्यांनी डबी पुढं केली. "हे कशाचं आहे? आम्हाला तर पेनाचा भाग वाटला."

सृष्टी आत धावली. सबीनानं डबी घेतली आणि उजेडात धरली.

आत एक पिन होती. रक्ताचा एक पुसट धागा लागलेली. आणि ती करडी होती.

सबीना बघतच राहिली. तिनं डबी हलवली, उलटी केली, खिडकीजवळ नेली. रंग बदलला नाही. तिच्याकडे करडी पिन एकही नव्हती. आयुष्यात कधी नव्हती. सांगलीतल्या त्या सव्वीस जणांत करड्या पिना फक्त एका माणसाकडे होत्या.

तिनं डबी हंबीररावांच्या हातात दिली.

ते भिंतीला टेकले. डबी डोळ्यांजवळ नेऊन पिन बघितली. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "शुक्रवारी धक्का बसला हुता."

"कसला धक्का?"

"भूकंपाचा. सांगलीला यायच्या दोन दिस आधी. बारकाच. आमाला काय, नेहमीचंच. फळीवरची बरणी पडली. पिनांची. झाकण उडालं. मी सगळ्या गोळा केल्या." त्यांनी डबी मुठीत घट्ट धरली. "मोजल्या न्हाईत. सांगलीचं सामान भरायचं हुतं, म्हनून मोजल्या न्हाईत मी. शनवारी सकाळी पोर खोकाया लागली. शनवारी, सबीना! सांगलीला जायच्या आधी. आन् मी तुला सगळ्यांसमोर..."

तासाभरापूर्वी सबीना ह्या माणसापुढं गुन्हेगार म्हणून बसली होती. आता तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते नुसतं गारठल्यासारखं.

सृष्टीला त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी, रेवा दूध प्यायला लागल्यावर. सृष्टी ओरडली नाही. तिनं ऐकून घेतलं, पोरीचं दुपटं नीट केलं आणि म्हणाली, "मी शिराळ्याला माहेरी जाते. घरात त्यातला एक बी तुकडा न्हाई असं तुमी सांगाल तवा येते." आणि दवाखान्यातून परस्पर गेली.

हंबीरराव घरी जाऊन तीन दिवस घर झाडत होते. बरण्या, डबे, अर्धवट यंत्रं, सगळं पोत्यांत भरलं. मग टॉर्च घेऊन फरशीवर पोटावर झोपून प्रत्येक कपाटाखाली बघितलं. कपाटाखाली, पलंगाच्या पायाशी, रेवाच्या खेळण्यांच्या टोपलीत मिळून आणखी चार तुकडे सापडले. सबीनाला त्यांनी फोन करून सांगितलं. "चार, पोरी. टोपलीत बी एक. मी सोताला लय शिस्तीचा समजत हुतो."

इकडं सबीनालाही एक धक्का बसायचा होता. जयराज म्हणून त्यांच्यातल्याच एकानं सांगलीच्या दिवसाचे फोटो सगळ्यांना पाठवले. सकाळी दहाचा एक फोटो होता, यंत्रं सुरू व्हायच्या आधीचा. सबीनानं तो मोबाईलवर मोठा केला. तिच्या यंत्राच्या खांद्याचं भोक स्वच्छ दिसत होतं. रिकामं. जळकी मोटर बदलताना तिनं हात काढला होता, आणि परत बसवताना पिन घातलीच नव्हती. इतके तास तो हात नुसत्या घर्षणावर उभा होता. आणि ती सगळ्यांना ठासून सांगत होती की मी घातली, मी कधी विसरत नाही. तिनं फोटो अब्बांना दाखवला. चांदसाहेबांनी चष्मा वर करून पाहिला, "हं," म्हणाले, आणि तार गुंडाळू लागले.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून हंबीरराव उतरले, आणि त्यांच्यामागून तीन पोती.

सबीना पुढं झाली. "काका? सांगितलं असतंत तर मी स्टँडवर आले असते."

"सून आली काल परत. आल्या आल्या सगळं घर सोता हुडकलं तिनं. मग बॅग उघडली." त्यांनी घाम पुसला. "रेवा बरी हाय. आता जिना चढाया शिकली. तिच्यामागं धावून हरणाबाईचे गुडघे गेले."

मग ते चांदसाहेबांकडे वळले. दोघं पहिल्यांदाच भेटत होते.

"आवं, चांदसाहेब, एक मागनं हाय. हे घरात ठेवायचं न्हाई. टाकवत बी न्हाई. तुमच्या दुकानात एक कोपरा द्याल का? शनवारी-शनवारी येत जाईन. कुलूप माझं, चावी तुमच्याजवळ."

"काका," सबीना मध्येच म्हणाली, कारण आता नाही बोललं तर कधीच बोलणं झालं नसतं. "तुमचं खरं होतं. पिन मी विसरले होते. फोटोत दिसतंय."

हंबीरराव तिच्याकडे वळले. "म्हंजे मी बोललो ते बरोबर हुतं?"

"बरोबर होतं."

"तरी बी बोलायला नको हुतं तसं," ते म्हणाले, आणि एका पोत्याची गाठ सोडू लागले.

आत सगळं एकत्र झालेलं होतं. करड्या पिना, लाल चाकं, पिवळे ठोकळे, बरण्यांची झाकणं, घाईघाईत हाताला येईल तसं कोंबलेलं. जो माणूस रंगाबाहेरची एक पिन चालवून घ्यायचा नाही, त्याच्या पोत्यात असा गोंधळ बघून सबीना पोत्यापाशी खाली बसली.

"सगळं निवडायचं हाय," हंबीरराव म्हणाले. "दोनचार म्हैने जातील."

चांदसाहेबांनी पंपाच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल पायानं पुढं सरकवलं. "मग उभे का? बसा. सबीना, दार लोटून घे आधी, रस्त्यावरची पोरं आत येतात."